उपेक्षित मासळी आणि निखाऱ्यांची आंच

दापोली तालुक्यांतील हर्णै बंदरावर मासळीचा लिलांव वाळूवरच भरत आला आहे. मोठे पडाव खोल पाण्यांत उभे राहतात, मासळी लहान होडक्यांतून व बैलगाड्यांतून कांठाला येते, आणि ओल्या वाळूवर तिचे ढीग मांडले जातात. तेथें घटकाभर उभें राहिलें म्हणजे मासळींतहि उच्चनीच भाव कसा असतो तें ध्यानीं येतें. पापलेट, सुरमई, हलवा, रावस यांच्याभोंवतीं माणसांचें कडें पडलेलें असतें, आणि बोली चढत जाते. थोडें बाजूला तारल्या, पेडवे, राणी मासे, वाकट्या, काटबांगडे, टोळ असे ढीग असतात. त्यांना कोणी नांवानेंहि पुकारीत नाहीं. कांहीं टोपलीच्या हिशेबानें जातात, कांहीं सरळ कुटीच्या गाडींत. कुटी म्हणजे मासळी वाळवून, दळून केलेली भुकटी. ती कोंबड्यांना व तळ्यांतील कोळंबीला खाऊं घालतात. जो मासा माणसानें नाकारला तो कोंबडीच्या पोटांत जातो, आणि ती कोंबडी तोच माणूस चांगला दाम मोजून घरीं नेतो.

नाकारण्याचीं कारणें विचारलीं तर उत्तरें ठराविक येतात. वास उग्र आहे. कांटे फार आहेत. मांस काळसर किंवा तेलकट आहे. तव्यावर टाकला कीं मोडतो. नावडतीचें मीठ अळणी, या न्यायानें पुष्कळ दोष नुसते सांगोवांगी चिकटलेले असले तरी हे चार दोष खोटे म्हणतां येणार नाहींत. मात्र ते माशाचे दोष कमी आणि तव्याचे अधिक आहेत. सुरमईची जाड तुकडी रव्यांत घोळून तव्यावर परतली तर खरपूस होते, कारण तिच्या अंगीं स्निग्धता बेताची असते आणि उणीव असेल ती बाहेरचें तेल भरून काढतें. तारलीच्या अंगांत मुळांतच तेल भरलेलें. तिला आणखी तेलांत घातलें कीं तेलांत तेल मिळतें, कातडी तव्याला धरते, पोट फुटतें, आणि तापलेल्या तेलाचा वास चार दिवस भिंतींना चिकटून बसतो. तीच तारली जाळीवर, निखाऱ्यांच्या आंचेवर ठेवली तर तिचें तेल तिलाच आंतून भिजवितें, जास्तीचें असेल तें ठिबकून जातें, कातडी कुरकुरीत होते व मधला कांटा अखंड सुटून येतो.

पूर्वीं हें कोणाला सांगावें लागत नसे. कोंकणच्या घराघरांत चूल होती, आणि भात उतरल्यावर चुलींत निखारे उरत. ते फुकट जाऊं द्यावयाचे नाहींत हा घरधनिणीचा नेम. त्यांवर कधीं वांगें, कधीं पावसाळ्यासाठीं राखलेला सुका बांगडा किंवा बोंबील, आणि मासळी स्वस्त झाली कीं ओल्या तारल्या व पेडवे भाजले जात. तळण्यास तेल लागे आणि तें विकत आणावें लागे. भाजण्यास पदरचें कांहींच लागत नसे. म्हणून तळलेला मासा पाहुण्यांचा आणि भाजलेला घरच्या माणसांचा, अशी वांटणी आपोआप होऊन गेली. पुढें घासलेटचा स्टोव्ह आला, त्यामागून गॅस आला, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो खेड्यापाड्यांतहि पोंचविला. धुरानें डोळे व छाती जाळून घेणाऱ्या बायकांची त्यांतून सुटका झाली, ही गोष्ट इतकी मोठी आहे कीं चुलीच्या नांवानें गळा काढणाऱ्यांनीं ती आधीं विचारांत घ्यावी. परंतु चूल गेली तिच्याबरोबर निखारेहि गेले, आणि ज्या माशांचें सारें वैभव निखाऱ्यांवर अवलंबून होतें ते स्वयंपाकघरांत पोरके झाले. त्यांच्या वांट्याला आला तवा; आणि तव्यानें त्यांची अब्रू घेतली.

चूल परत आणावी असें कोणी म्हणणार नाहीं. आठवड्यांतून एखाद्या संध्याकाळीं आंगणांत किंवा गच्चीवर एक लोखंडी शेगडी, दांडीची दुहेरी जाळी आणि पांच-सहा नारळांच्या करवंट्या, एवढ्यावर काम भागतें. बंद खोलींत मात्र कोळशाची शेगडी कधींहि पेटवूं नये. तिच्यांतून निघणारा विषारी वायु वासावरून ओळखतां येत नाहीं, आणि त्यानें माणसें झोपेंतल्या झोपेंत दगावलीं आहेत.

प्रथम तारलीचें पाहूं. मलबारच्या किनाऱ्यावर तिला मत्ती म्हणतात, आणि तेथें ती गरीब-श्रीमंत सर्वांच्या ताटांत असते. असें असूनहि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच किनाऱ्यावर ती मोठमोठ्या कढयांत उकळून तिचें तेल काढीत व उरलेला चोथा मळ्यांना खत म्हणून विकीत. आपल्याकडेहि ती उदंड आली कीं माडांच्या आळ्यांत पुरण्याची चाल होती. इतकी विपुल मासळी कधीं आटेल असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. परंतु कोची येथें जिचें मुख्य ठाणें आहे त्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणें केरळांत २०१२ सालीं सुमारें चार लाख टन मिळालेली तारली २०२१ सालीं साडेतीन हजार टनांच्याहि आंत आली. पुढें ती पुन्हां वाढूं लागली, हें सुदैव. समुद्र एकदां हात आखडता घेतो तेव्हां माडाला पुरलेल्या टोपल्या आठवतात.

पावसाळ्यांत तारली अंडीं घालते. नंतर पाण्यांतील सूक्ष्म वनस्पतींवर ती पोसली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्या अंगीं चरबी भरते. तोच तिला भाजण्याचा ऋतु. उन्हाळ्याच्या अखेरची रोड तारली कालवणांतच घालावी. विकत घेतांना डोळ्यांपेक्षां पोट पाहावें, कारण तारलीचें पोट सर्वांत आधीं नरमतें. बोटानें दाबून खळगा राहिला, किंवा पोटाची कड फाटून आंतडें दिसूं लागलें, तर ती मोहानें घेऊं नये. तारली, बांगडा, कुपा या काळसर मांसाच्या माशांना बर्फाविना तासचे तास उन्हांत ठेवलें तर त्यांच्या मांसांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. तसला मासा खाल्ला तर अंग लाल होतें, खाज सुटते, डोकें ठणकतें. आणि भाजल्यानें वा उकळल्यानें तें द्रव्य नाहींसें होत नाहीं. ‘बांगडा बाधतो’ अशी ज्यांची समजूत आहे त्यांतील कित्येकांना बांगडा नव्हे, तर त्याला झालेला उशीर बाधलेला असतो.

आतां कृति. तारलीचीं खवलें काढूं नयेत अशी कांहीं जाणत्यांची रीत आहे. खवलांमुळें मांसाला आंच थेट लागत नाहीं, आणि भाजल्यावर कातडीसकट तीं सहज निघून येतात. ज्यांना कातडी खावयाची आहे त्यांनीं मात्र अंगठ्यानें शेपटाकडून डोक्याकडे चोळून तीं उतरावींत; सुरीची गरज पडत नाहीं. कल्ले ओढले कीं आंतडेंहि पाठोपाठ येतें. मासा धुवून त्यावर खडे मीठ भरडून चोळावें व पाव तास तसाच ठेवावा. मिठानें अंगांतील पाणी सुटतें. तें फडक्यानें नीट टिपून घ्यावें. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग मासा जाळीला चिकटला म्हणून जाळीला बोल लावतात. ओला मासा चिकटतो. कोरडा मासा सुटतो. पोटांत चारदोन तिरफळें बिया काढून, ठेचून घालावींत. तिरफळाचा झणझणीत वास आणि तारलीचा उग्रपणा यांचें इतकें जमतें कीं कोंकण व गोमंतक येथल्या बायकांनीं ही जोडी केव्हां लावली याचा शोध घेण्याचेंहि कोणास सुचत नाहीं.

तांबडें वाटण लावण्याचा मोह येथें आवरला पाहिजे. तव्यावर जें वाटण खमंग होतें तेंच उघड्या आंचेवर करपतें, आणि करपलेल्या मिरचीचा कडवटपणा माशाची चव झांकून टाकतो. मीठ, फार तर चिमूटभर हळद, एवढें पुरे. आंबटहि आधीं लावूं नये. लिंबाच्या रसांत बराच वेळ पडलेली तारली पिठूळ होते. कोकमाचें आगळ भाजून झाल्यावर वरून शिंपडावें.

करवंट्या पेटवून ज्वाला पूर्ण विझूं द्यावी. निखाऱ्यांवर पांढरट राखेचा पातळ थर आला म्हणजे आंच तयार झाली. सोडणांचा धूर फार आणि चुडतांची ज्वाला फार. म्हणून तीं पेटवणीपुरतीं वापरावींत, भाजण्यास नव्हे. जाळी आधीं चांगली तापवावी व कापलेला कांदा खोबरेलांत बुडवून तिच्यावरून फिरवावा. मग मासे मांडावे आणि हात आवरावा. भाजणाऱ्याचा खरा कस येथें लागतो. मासा दर अर्ध्या मिनिटाला उलटून पाहणें ही उतावळ्याची खूण आहे. खालची बाजू भाजली कीं तो आपण होऊन जाळी सोडतो. सोडीत नसेल तर तो अजून तयार नाहीं. मध्यम तारलीला एका बाजूस तीन-चार मिनिटें पुरतात, बांगड्याला पांच-सहा. जाडीच्या मानानें एका इंचाला एकूण दहा मिनिटें हा ढोबळ हिशेब बहुतेक माशांना लागूं पडतो. डोळा पांढरा झाला, पाठीवरचा पर ओढतांच हातांत आला, म्हणजे मासा झाला. तेल ठिबकून ज्वाला उठूं लागली तर पाणी ओतूं नये, राख उडून माशावर बसते. निखारे थोडे एका बाजूस सारावे. उकड्या तांदळाची पेज, भाजलेली तारली आणि फोडलेला कांदा: गाबितांच्या घरांतून हें जेवण कित्येक पिढ्या चालत आलें आहे.

या जेवणाचा आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या संसाराचा संबंध फार जवळचा आहे. सिंधुदुर्गांतल्या एखाद्या आडगांवीं सकाळच्या एस. टी.नें टोपली घेऊन उतरणारी गाबतीण पहा. सुरमई तिच्या टोपलींत नसते. ती बंदरावरूनच बर्फाच्या पेटींत बसून मुंबईस, पुण्यास किंवा गोंव्याच्या हॉटेलांत जाते. तिच्या भांडवलांत बसतात त्या तारल्या, पेडवे, फार तर बांगडे. दहा घरीं हांक मारल्यावर चार दारें उघडतात. दुपारच्या आंत टोपली रिकामी झाली तर तिचा दिवस सुटला. नाहीं तर उरलेला माल खारवून वाळूंत पसरावयाचा, आणि आभाळ आलें कीं तोहि गेला. ज्या घरानें ‘तारली नको, वास येतो’ म्हणून दार लावून घेतलें, त्याच घरांतील लहान मुलाला कित्येकदां आठवड्यांतून एकदांहि मासा मिळत नाहीं, कारण पापलेट घेण्याची ऐपत नाहीं आणि तारली घेण्याची लाज वाटते. तेलकट माशांची स्निग्धता हृदयाला हितकर असते हें आतां वैद्यकानें मान्य केलें आहे, आणि बारीक माशाचे मऊ कांटे चावून खाल्ले तर त्यांतून चुन्याचा अंश मिळून हाडें बळकट होतात. लाज मात्र पथ्यापथ्य पाहत नाहीं.

हलक्या म्हटलेल्या माशाला निखाऱ्यांनीं मान मिळवून दिल्याचीं उदाहरणें इतर देशांत आहेत. पोर्तुगालच्या लिस्बन शहरांत १२ जूनच्या रात्रीं संत अंतोनीचा उत्सव सुरू होतो. हा संत त्याच शहरीं जन्मलेला; माणसें ऐकेनात तेव्हां त्यानें माशांना उपदेश केला अशी त्याची आख्यायिका आहे. त्याच्या सणाला मात्र गल्लोगल्लीं शेगड्या मांडून त्या श्रोत्यांच्याच वंशजांना भाजतात, हा भाग निराळा! मासा असतो तारलीच्याच कुळांतला, त्याला लावलेलें असतें केवळ जाडें मीठ, आणि तो पावाच्या कापावर ठेवून हातानें खातात. त्याचें तेल हळूं हळूं पावांत मुरतें आणि शेवटीं तो पावच सर्वांत चवदार लागतो. त्या रात्रीं शहरभर माशाचा धूर असतो, आणि कोणी खिडकी लावून घेत नाहीं.

जपानांत शरद् ऋतूंत सन्मा नांवाचा लांबट, तेलकट, स्वस्त मासा मिठांत भाजतात. त्याच्याविषयीं तेथले कथेकरी एक विनोदी गोष्ट सांगतात. एक मोठा सरदार मेगुरो नांवाच्या गांवाकडे फिरावयास गेला असतां त्याला भूक लागली व कोणा गरिबाच्या घरचा निखाऱ्यांवर भाजलेला सन्मा त्यानें खाल्ला. असला पदार्थ त्यानें जन्मांत चाखला नव्हता. वाड्यांत परतल्यावर त्याला तोच ध्यास लागला. स्वयंपाक्यांनीं उत्तम सन्मा आणविला; पण धन्याच्या प्रकृतीला अपाय नको म्हणून वाफवून त्याची चरबी काढली, घशांत अडकूं नये म्हणून एकूण एक कांटा उपटला, आणि उरलेला फिकट लगदा सुंदर वाडग्यांत घालून पुढें ठेवला. सरदारानें एक घांस घेऊन विचारलें, हा मासा कोठला? समुद्रकांठच्या उत्तम बाजाराचा, असें उत्तर मिळालें. तेव्हां तो गंभीरपणें म्हणाला कीं सन्मा घ्यावा तर मेगुरोचाच. मेगुरोला समुद्रच नाहीं, हें ऐकणाऱ्यांना ठाऊक असतें आणि सारे हसतात. आपल्या शहरांतील खाणावळींत तारलीचें जें करतात तें पाहून हसूं येत नाहीं इतकेंच.

आतां राणी मासा. नांव राणीचें आणि वागणूक दासीची! गुलाबी अंग, त्यावर पिंवळ्या रेघा, असा हा देखणा मासा ट्रॉलरच्या जाळ्यांत ढिगांनीं येतो. पिकतें तेथें विकत नाहीं, हें याच्याइतकें दुसऱ्या कोणाला लागूं पडत नसेल. रत्नागिरीच्या बाजारांत गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवितें. आणि त्याच रत्नागिरींतील कारखान्यांत त्याचें कांटे-कातडें काढून, मांस पुन्हां पुन्हां धुवून पांढराशुभ्र गोळा करतात. या गोळ्याला जपानी भाषेंत सुरिमी म्हणतात. तो परदेशीं जातो आणि तेथें त्याला रंग व वास देऊन खेकड्याच्या मांसाची नक्कल करतात. ती नक्कल एखादे वेळीं विलायती हॉटेलांत आपलाच माणूस आवडीनें खातो, ही गमत आहे.

हा मासा तारलीच्या उलट स्वभावाचा. मांस पांढरें, नाजूक, चरबी थोडी; म्हणून उघड्या आंचेवर तो कोरडा पडतो व मोडतो. त्याला पानाचा आडोसा पाहिजे. खवलें व पोट साफ करून दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्याव्यात. ओलें खोबरें, हिरवी मिरची, आलें, लसूण, कोथिंबीर यांचें घट्ट वाटण मीठ व थोडें आगळ घालून चिरांत व पोटांत भरावें. पानाच्या आंत हें वाटण करपत नाहीं, त्यामुळें येथें हात सैल सोडण्यास हरकत नाहीं. केळीचें पान आंचेवर शेकून मऊ करावें, म्हणजे दुमडतांना फाटत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत परसांत हळदीचीं पानें असतात. त्यांतील एक आंत घातलें तर त्याचा सुवास माशाला लागतो. पुडी केळीच्या सोपटानें बांधून मंद निखाऱ्यांवर ठेवावी व एकदां उलटावी. पाऊण वीत लांबीच्या माशाला बारा ते पंधरा मिनिटें लागतात. बाहेरचें पान काळें पडून जळूं लागतें, आंतलें हिरवें राहतें, आणि मासा स्वतःच्याच वाफेंत शिजलेला असतो. बंगाल्यांची पातुरी आणि पारशांची पात्रानी मच्छी हीं याच कुळांतलीं. तीं बहुधा वाफेवर होतात, येथें निखाऱ्यांचा धूर अधिक मिळतो.

बाकीच्यांचा परिचय थोडक्यांत होण्यासारखा आहे. काटबांगड्याच्या शेपटाजवळ दोन्ही बाजूंस करवतीसारखी टणक खवलांची रांग असते. ती आधीं कापून काढली कीं पुढें तो बांगड्याप्रमाणेंच, फक्त जरा अधिक वेळ, भाजावा. कुप्याला कांहीं ठिकाणीं गेदर म्हणतात. त्याचें मांस मटणासारखें लाल, आणि मधोमध रक्ताचा काळा पट्टा. तो पट्टा काढून टाकला तर निम्मा उग्रपणा जातो. त्याच्या जाड फोडी मिरीं व मीठ लावून तेज आंचेवर भाजाव्यात. वाकटीला खवलें नसतात, चांदीसारखी झिलई असते. ती बोटभर लांब तुकडे करून जाळींत दाबून भाजली कीं कडा पापडासारख्या होतात. लेपा चपटा असल्यामुळें क्षणांत होतो व क्षणांत करपतो, तेव्हां त्याच्यावरची नजर हलवूं नये.

टोळाची गोष्ट मौजेची आहे. त्याचीं हाडें हिरवीं असतात, आणि पहिल्यानेंच पाहणारा मनुष्य विष आहे असें समजून ताट सारतो. तो केवळ पित्तांतला एक रंग आहे, अपाय कांहीं नाहीं. हिरवा कांटा पांढऱ्या मांसांत चटकन दिसतो, तेव्हां लहान मुलांना भरवितांना उलट सोय होते. शिंगाळ्याच्या बाबतींत मात्र विनोद नको. त्याच्या पाठीवर एक व कल्ल्यांजवळ दोन असे तीन करवती कांटे असतात आणि ते विषारी असतात. टोंचले तर हात दिवसभर ठणकतो. ते कोळणीकडूनच तोडून घ्यावेत. त्याचें मांस चरबट. मंद आंचेवर बराच वेळ ठेवलें तर चांगलें लागतें.

चार माशांवर सारा डोळा ठेवल्याचा परिणाम त्या चारांवरहि होतोच. पापलेटला महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं राज्यमासा म्हणून घोषित केलें, तें त्याचें वैभव वाढलें म्हणून नव्हे. तो घटत चालला आणि त्याचीं पिल्लेंहि जाळ्यांत येऊं लागलीं म्हणून. त्याच वर्षीं माशांच्या ५४ जातींकरितां पकडण्याची किमान लांबी ठरवून देण्यांत आली. पावसाळ्यांत यांत्रिक नौकांना बंदीहि असते. परंतु सरकारी नियम बंदरावर चालतो, बाजारांत नव्हे. तळहाताएवढें पापलेट ‘ताटांत अख्खें मावतें’ म्हणून कौतुकानें विकत घेणारा गृहस्थ जोंवर आहे तोंवर तें कोणी तरी धरून आणणारच. त्याच्या हातांत त्या दिवशीं राणी मासा पडला असता तर दोघांचें भलें झालें असतें. अर्थात् उद्यां सर्वांनीं राणीवर झडप घालावी असाहि याचा अर्थ नाहीं; तारलीचे आंकडे वर येऊन गेलेच आहेत. ढीग वांटून गेला पाहिजे. ज्या दिवशीं जें जाळ्यांत विपुल आलें तें त्या दिवशीं खावें, ही कोळ्यांची स्वतःच्या घरची रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

एक अडचण उरते, ती शेजाऱ्यांची. मोठ्या शहरांत मासे खाणाऱ्याला भाड्यानें जागा मिळण्याची पंचाईत पडते. तेथें गच्चीवर शेगडी पेटविणें म्हणजे भांडणाला आमंत्रण. ज्याला तें शक्य नाहीं त्यानें गॅसच्या शेगडीवर बिडाचा जाड तवा खूप तापवावा व त्यावर केळीचें पान अंथरून, तेल न घालतां, मासा ठेवावा. निखाऱ्यांची सर त्याला येत नाहीं, पण कातडी धरत नाहीं आणि वासहि निम्म्यावर येतो. धुराची हौस असेल त्यानें मासा काढून घेतल्यावर एक पेटलेला कोळसा वाटींत ठेवावा, त्यावर खोबरेलाचे दोन थेंब टाकावे, आणि मासा व वाटी एकाच भांड्याखालीं पांच मिनिटें झांकून ठेवावीं.

भाजलेल्या तारल्या रात्रीं उरल्या तर त्या पुन्हां तापवूं नयेत. तापवल्यानें उग्रपणा वाढतो. त्या थंड जागीं झांकून ठेवाव्यात व सकाळीं मधला कांटा ओढून काढून मांस हातानें कुसकरावें. त्यांत बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मूठभर ओलें खोबरें, चमचाभर आगळ आणि वरून कच्च्या खोबरेलाची धार घालावी. हें मिश्रण पेजेबरोबर किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर खातात. कांदा मात्र आयत्या वेळींच मिसळावा, नाहीं तर त्याला पाणी सुटतें.